यूव्ही + पेरॉक्साइडने रंग गेला पण सीओडी वाढला, असं कसं?

काठावरचा
नमस्कार मंडळी. सांडपाण्यात हात घातलेले बरेच जण इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहितीये, म्हणून थेट विचारतो. कापड रंगवल्यावर जे पाणी निघतं त्याच्यावर एक छोटा पायलट चालवतोय. स्टीलचा उभा रिअ‍ॅक्टर, मधोमध क्वार्ट्झच्या नळीत लो प्रेशर यूव्हीचा दिवा, आत जाणाऱ्या पाण्यात डोसिंग पंपाने हायड्रोजन पेरॉक्साइड, लिटरला ५०० मिग्रॅ. पाणी थेट इक्वलायझेशन टँकमधलं (जिथे सगळं पाणी आधी एकत्र करतात), म्हणजे जीवाणूंच्या बायोलॉजिकल प्रक्रियेच्या आधीचं. बराच वेळ फिरवलं की गडद जांभळं पाणी फिकट पिवळसर होतं, बघणारे सगळे खूश. पण लॅबचा रिपोर्ट आला तर सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागेल तो आकडा) कमी व्हायचं सोडून आधीपेक्षा जास्त! परत सॅम्पल पाठवलं, तेच. आता वरचे विचारतायत की तुमच्या मशीनमधून घाण निघते की जाते. काय उत्तर देऊ?

ओंजळ
वाचतेय. आमच्याकडे हीच सिस्टिम घ्यायचं चाललंय, त्यामुळे अगदी वेळेवर धागा.

फोटॉन
काठावरचा, आधी सीओडीचं बघू, कारण ते सोपं आहे. प्रक्रिया झाल्यावर पाण्यात जे पेरॉक्साइड उरलं तेच तुमच्या टेस्टमध्ये सीओडी म्हणून मोजलं जातंय. त्या टेस्टमध्ये किती डायक्रोमेट (एक जोरदार ऑक्सिडंट) खर्च झालं ते बघतात, आणि डायक्रोमेटपुढे पेरॉक्साइड सरळ हार मानतं, त्याचं ऑक्सिडेशन होऊन ऑक्सिजन निघून जातो. हिशोब असा, ३४ ग्रॅम पेरॉक्साइड म्हणजे १६ ग्रॅम ऑक्सिजनइतका सीओडी, म्हणजे दर मिलिग्रॅममागे ०.४७. तुमचं ५०० मधलं समजा ४०० तसंच उरलं असेल तर १८८ मिग्रॅ/लिटर सीओडी फुकटचा आला. आणि उरतंच, या प्रक्रियेत दिव्याखालून गेलेलं बहुतेक पेरॉक्साइड न वापरताच बाहेर पडतं, त्याचं कारण पुढे लिहितो.

म्हणून सॅम्पल लॅबला जायच्या आधी ते मारायचं. कॅटलेज एन्झाइमचे चार थेंब सगळ्यात बरे, बुडबुडे यायचे थांबले की झालं, मग पेरॉक्साइडच्या पट्टीने तपासा. सोडियम सल्फाइट पण चालतं पण हात राखून, कारण जास्त पडलं तर ते सल्फाइटच डायक्रोमेट खातं आणि तुम्ही परत तिथेच. बीओडी (जीवाणूंना घाण पचवायला लागणारा ऑक्सिजन) काढत असाल तर अजूनच जपा, उरलेलं पेरॉक्साइड सीडमधले, म्हणजे टेस्टसाठी घातलेले जीवाणू मारतं आणि वर बाटलीत ऑक्सिजनही सोडतं, आकडा कशाचाच राहत नाही.

काठावरचा
अहो हे भारी आहे! लॅबवाल्याने एक शब्द काढला नाही याबद्दल. उद्याच कॅटलेजचं बघतो. पण समजा तो खोटा सीओडी गेला तरी खरा किती कमी झाला असेल? रंग तर जवळपास पूर्ण गेलाय.

शंकासुर
रंग गेला म्हणजे प्रदूषण गेलं असं समजणारे बरेच आहेत. विकणारेही दोन बाटल्या शेजारी ठेवूनच विकतात, एक जांभळी एक पांढरी. बाकी कागदावर काही नसतं.

फोटॉन
शंकासुरांशी या वेळी सहमत (नोंद घ्यावी).

रंग पहिल्यांदा जातो कारण तो रेणूतल्या एका नाजूक जागेवर अवलंबून असतो. अ‍ॅझो डायमध्ये दोन नायट्रोजनांचा जोड असतो, तो तुटला किंवा शेजारचं कडं फुटलं की रंग खलास. पण रेणूचे तुकडे पाण्यातच आहेत, कार्बन तेवढाच आहे. तो कार्बन डायऑक्साइड होऊन जाईपर्यंत टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) हलत नाही. सीओडी थोडा हलतो कारण तुकड्यांना ऑक्सिजन चिकटलेला असतो. शिवाय रंगवण्याच्या पाण्यात रंग हा सीओडीचा छोटा हिस्सा, बाकी खळ, डिस्पर्सिंग एजंट, साबण, कायकाय.

आता मुख्य गोष्ट, आणि माझ्या मते तुमचा प्रॉब्लेम इथेच आहे. काम यूव्ही करत नाही आणि पेरॉक्साइडही फारसं करत नाही. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश पेरॉक्साइडच्या रेणूवर पडला की त्याचे दोन तुकडे होतात, हायड्रॉक्सिल रॅडिकल. हा जो पठ्ठ्या आहे त्याची ऑक्सिडेशनची ताकद २.८ व्होल्टच्या आसपास, ओझोनची २.०७, पेरॉक्साइडची १.७८. समोर येईल त्याला धरतो, निवड वगैरे काही नाही, आणि जगतो सेकंदाच्या लाखाव्या भागाहूनही कमी. म्हणजे साठवता येत नाही, जिथे तयार झाला तिथेच संपला. त्यामुळे प्रश्न एकच उरतो, तुमच्या पाण्यात तो तयार किती होतो.

तर बघा. पेरॉक्साइड २५४ ला फारच कमी प्रकाश शोषतं, मोलर अ‍ॅबसॉर्प्शन कोएफिशिएंट (शोषण्याची ताकद) १९ च्या आसपास. तुमचं ५०० मिग्रॅ म्हणजे १४.७ मिलिमोलर, गुणिले १९, दर सेंटीमीटरला अ‍ॅबसॉर्बन्स (किती प्रकाश अडला त्याचं माप) झाला ०.२८. आता तुमच्या कच्च्या पाण्याचा त्याच २५४ ला किती आहे? मोजलाय का? रंगवण्याचं कच्चं पाणी आहे, समजा ५ धरू. मग शंभर फोटॉन सोडले तर पेरॉक्साइडच्या वाट्याला पाच येतात, पंच्याण्णव रंग आणि बाकीची घाण खाऊन टाकते. आणि अ‍ॅबसॉर्बन्स ५ म्हणजे दिव्यापासून २ मिलिमीटरवर नव्वद टक्के प्रकाश संपला. तुमच्या रिअ‍ॅक्टरमध्ये स्लीव्ह (दिव्याभोवतीची क्वार्ट्झची नळी) ते भिंत अंतर किती? पाच-सात सेंटीमीटर असेल तर बाकीचं सगळं पाणी अंधारात फिरतंय.

काठावरचा
सहा सेंटीमीटर. 😐

बिनपाण्याचा
मग पेरॉक्साइड वाढवा की. ५०० चं ५००० करा, शंभरातले पाचाचे पस्तीस होतील. साधं गणित आहे.

फोटॉन
गणित बरोबर आहे हो, पण रॅडिकल पेरॉक्साइडलाही खातो. त्यातून जो नवा रॅडिकल निघतो तो मवाळ, त्याच्याकडून फार काही होत नाही. ठरावीक डोसच्या पुढे गेलात की वेग वाढायचं सोडून कमी होतो, आणि ती उरलेली गंगा मारायला वेगळं केमिकल. त्यापेक्षा आधी पाणी पारदर्शक करा.

क्षारपड
अजून एक कोणी बोललं नाही. रिअ‍ॅक्टिव्ह डाय असेल तर त्या बाथमध्ये सोडा अ‍ॅश असतोच, म्हणजे पाणी अल्कधर्मी आणि कार्बोनेटने भरलेलं. रॅडिकलची बायकार्बोनेटबरोबरची गती मोलर-सेकंदाला ८५ लाख, कार्बोनेटबरोबरची ३९ कोटी, म्हणजे पंचेचाळीसपट जास्त. ऐकायला बायकार्बोनेटचा आकडा मोठा वाटतो पण सेंद्रिय प्रदूषकांचा शेकडो कोटींत असतो, त्यामुळे थोडं बायकार्बोनेट असलं तर फार बिघडत नाही. पण प्रमाण बघा ना, अल्कलिनिटी (म्हणजे हेच कार्बोनेट-बायकार्बोनेट) शेकडो मिलिग्रॅम. बरेचसे रॅडिकल तिकडेच मरतात. काठावरचा, तुमचा पीएच किती आहे?

काठावरचा
इक्वलायझेशनला साडेदहाच्या पुढे असतो बऱ्याचदा.

क्षारपड
मग सुटलंच. साडेदहाला निम्म्याहून जास्त कार्बोनेट रूपातच आहे. आधी अ‍ॅसिड घालून पीएच खाली आणा, साडेचारच्या खाली नेऊन हवा मारली तर कार्बन डायऑक्साइड होऊन निघूनच जातं. फक्त अ‍ॅसिडचा खर्च आणि त्याने वाढणारे क्षार हे दोन्ही हिशोबात धरा, नाहीतर पुढे आरओवाला तुमच्या नावाने बोटं मोडेल.

जुनाखेळाडू
हे सगळं वाचून एकच म्हणतो, फेंटन करा आणि मोकळे व्हा. ना दिवा, ना क्वार्ट्झ, ना पारदर्शकपणाची भानगड. फेरस सल्फेट, पेरॉक्साइड, पीएच ३, ढवळा. हेन्री फेंटनने १८९४ मध्ये टार्टारिक अ‍ॅसिडवर लिहिलं तेव्हा रॅडिकल वगैरे कोणाच्या स्वप्नात नव्हतं, ते हेबर आणि वाइस यांनी १९३४ मध्ये मांडलं. सव्वाशे वर्षं झाली तरी गडद पाण्यावर याच्या तोडीचं काही नाही.

शंकासुर
आणि तो लाल चिखल कुठे टाकायचा हे नाही सांगितलंत. 😄

जुनाखेळाडू
खरं आहे ते, लोखंडाचा स्लज होतो आणि तो धोकादायक कचरा म्हणून गेला तर महागात पडतो. फोटो-फेंटन केलं तर लोखंड कमी लागतं, कारण प्रकाश पडला की फेरिकचं परत फेरस होतं आणि तेच लोखंड पुन्हा कामाला येतं. आणि त्याला २५४ च पाहिजे असं नाही, ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाशही चालतो, म्हणजे ऊनही चालतं. स्पेनमध्ये अल्मेरियाच्या सोलर सेंटरमध्ये यावर वर्षानुवर्षं काम झालंय.

पण मंडळी एक हिशोब कायम डोक्यात ठेवा. १ मिग्रॅ सीओडी पूर्ण जाळायला थिअरीने २.१ मिग्रॅ पेरॉक्साइड लागतं. पाण्याचा सीओडी १०,००० असेल तर घनमीटरला २१ किलो, तेही शंभर टक्के शुद्ध धरून. ५० टक्क्यांचं आणलं तर ४२ किलो. इतकं कोणी ओतत नाही. सगळा सीओडी ऑक्सिडंटने जाळायला निघालात तर दिवाळं निघेल, जीवाणू तेच काम हवेवर करतात. ऑक्सिडंट त्यांना जे पचत नाही तेवढ्यापुरतं.

ओंजळ
म्हणजे बायोलॉजिकलच्या आधी लावायचं की नंतर? आम्हाला एकजण आधी म्हणतो एकजण नंतर.

फोटॉन
पाण्यावर आहे. पाणीच विषारी असेल, बीओडी-सीओडीचं गुणोत्तर ०.२ च्या खाली, जीवाणू टिकतच नाहीत, तर तेवढा वेगळा स्ट्रीम उगमाशीच धरायचा आणि अर्धवट फोडून द्यायचा, पूर्ण नाही. गुणोत्तर ०.४ च्या आसपास आलं की थांबा, पुढचं एअरेशन टँक (हवा देऊन जीवाणू पोसतात ती टाकी) बघेल. अशा घट्ट पाण्याला सहसा फेंटन किंवा ओझोन, यूव्ही नाही. आणि एअरेशनला जायच्या आधी उरलेलं पेरॉक्साइड मारलं नाहीत तर तिथल्या जीवाणूंचे हाल.

पाणी पचण्यासारखं असेल तर बायोलॉजिकल आधी, मग फिल्टर, आणि जे हट्टी उरलं त्यावर यूव्ही-पेरॉक्साइड. यूव्ही जितकं शेवटी तितकं बरं. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातलं ऑरेंज काउंटी. तिथे २००८ पासून सांडपाणी शुद्ध करून भूजलात सोडतात, आणि यूव्ही-पेरॉक्साइड कुठे आहे तर मायक्रोफिल्ट्रेशन आणि आरओच्याही नंतर! तिथे दोन रसायनं सतावतात, एनडीएमए आणि १,४-डायऑक्सेन, दोन्हीचे रेणू इतके छोटे की आरओच्या पडद्यातून निसटतात. एनडीएमए स्वतःच २५४ चा प्रकाश खाऊन तुटतो, पेरॉक्साइड नसलं तरी चालतं. डायऑक्सेन प्रकाशाला दादच देत नाही, त्याला रॅडिकलच पाहिजे. म्हणून दिवा एक, कामं दोन. पेरॉक्साइड लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आसपास. तुमच्या ५०० शी तुलना करा.

तळटीप
अडाणी प्रश्न, पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये यूव्ही दिवा असतो तो हेच करतो का? म्हणजे त्याने कीटकनाशकं वगैरे जातात का?

फोटॉन
नाही. तिथे ऑक्सिडंट नसतो आणि डोसही कमी. जंतू मारायला ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर पुरतात, त्यांच्या डीएनएत बिघाड झाला की झालं. रसायनं फोडायला त्याच्या दहा-वीस पट, वर पेरॉक्साइड. नेदरलँड्समध्ये आंदाइक इथे २००४ पासून पिण्याच्या पाण्यातली कीटकनाशकं यूव्ही-पेरॉक्साइडने काढतात, पण ते अख्खं प्लांट आहे, आणि मागे अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आहे, तो उरलेलं पेरॉक्साइडही मारतो आणि तुकडेही धरतो.

ओंजळ
तुकड्यांचंच विचारायचं होतं. अर्धवट तुटलेलं मूळ पदार्थापेक्षा वाईट असू शकतं का?

जुनाखेळाडू
असू शकतं की. फिनॉलचं घ्या. पाण्यासारखं स्वच्छ फिनॉलचं द्रावण घेऊन फेंटन सुरू करा, थोड्याच वेळात ते तपकिरी होतं, नवीन माणूस घाबरतो की हे काय झालं. ते म्हणजे कॅटेकॉल, हायड्रोक्विनोन, बेंझोक्विनोन. आणि बेंझोक्विनोन माशांना, जीवाणूंना फिनॉलपेक्षा जास्त विषारी. तसंच चालू ठेवलं की कडं फुटतं, मॅलेइक, मग ऑक्झॅलिक, फॉर्मिक, अ‍ॅसेटिक अशी छोटी अ‍ॅसिडं होतात आणि रंग उतरतो. तपकिरी असताना थांबवलं आणि पेरॉक्साइड वाचवलं म्हणून खूश झालात, तर आधीपेक्षा वाईट पाणी पुढे सोडलंत. म्हणून मी म्हणतो नुसता मूळ पदार्थ गायब झाल्याचा रिपोर्ट घेऊ नका, टीओसी बघा आणि जमलं तर डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) नाहीतर चमकणाऱ्या जीवाणूंवरची विषारीपणाची टेस्ट करा.

क्षारपड
+१. आणि मीठ जास्त असलेल्या पाण्यात फेंटन करणाऱ्यांनी क्लोराइडकडे बघा. पीएच ३ ला रॅडिकल क्लोराइडवर गेला की क्लोरीनचे रॅडिकल होतात आणि मग क्लोरीन लागलेले सेंद्रिय पदार्थ. न्यूट्रलला हा त्रास बराच कमी. ओझोनवाल्यांनी ब्रोमाइड बघा, त्याचं ब्रोमेट होतं, यूव्ही-पेरॉक्साइडला ती कटकट नाही.

बिनपाण्याचा
मग टायटॅनियम डायऑक्साइडचं काय? पावडर टाका, उन्हात ठेवा, फुकटात काम. पेपरांचे ढीग आहेत त्यावर.

शंकासुर
पेपरांचे ढीग आहेत, प्लांटचे नाहीत. त्यातच उत्तर आलं.

फोटॉन
शंकासुर थोडे कडू बोलतात पण चूक नाही. फुजिशिमा आणि होंडा यांचं टायटॅनियावरचं काम १९७२ चं, म्हणजे कल्पना जुनी आणि खरी आहे. अडचण अशी की अ‍ॅनाटेजला (टायटॅनियाचं एक रूप) ३८७ नॅनोमीटरच्या आतला प्रकाश लागतो आणि उन्हात यूव्ही असतं पाचेक टक्के. त्यात तयार झालेले बहुतेक इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली रिकामी जागा) आतल्या आत परत एकमेकांना भेटून वाया जातात. आणि पावडर पाण्यातून परत गाळून काढणं हे वेगळंच काम, काचेवर चिकटवली तर पाणी तिच्यापर्यंत पोचत नाही.

तळटीप
आणि ते पीएफएएस की काय, न मरणारी रसायनं? ती जातात का यूव्हीने?

फोटॉन
हायड्रॉक्सिल रॅडिकलने जवळजवळ नाहीच. त्याची नेहमीची खोड म्हणजे कार्बनवरचा हायड्रोजन ओढायचा, पीएफओएसच्या (त्याच कुटुंबातलं एक रसायन) साखळीत हायड्रोजनच नाही, सगळीकडे फ्लोरीन. तिथे उलट रस्ता धरतात, यूव्ही आणि सल्फाइट, म्हणजे ऑक्सिडेशनऐवजी रिडक्शन, पाण्यातले सुटे इलेक्ट्रॉन त्या बंधावर जातात. प्रत्यक्षात आज तरी लोक कार्बन, रेझिन किंवा आरओने पकडून बाजूला काढतात आणि मग त्या घट्ट द्रावणाचं काय करायचं ते बघतात. कोणी साध्या यूव्ही-पेरॉक्साइडने पीएफएएस घालवून देतो म्हणाला तर फ्लोराइडचा हिशोब मागा.

ओंजळ
फोटॉन, विकणाऱ्याला अजून नेमकं काय विचारू ते सांगा ना. तो फक्त 'नव्वद टक्के रिमूव्हल' म्हणतोय.

फोटॉन
त्याला ईईओ विचारा. एक घनमीटर पाण्यातला तो ठरावीक पदार्थ दहापट कमी करायला किती युनिट वीज लागते तो आकडा, बोल्टन आणि मंडळींनी २००१ मध्ये आययूपीएसीतर्फे (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था) नीट मांडलाय. नव्वद टक्क्याला जेवढी वीज, नव्व्याण्णवला त्याच्या दुप्पट, नव्व्याण्णव पॉइंट नऊला तिप्पट. पण अट एकच, तो आकडा तुमच्या पाण्यावर काढलेला पाहिजे, नळाच्या पाण्यात डाय टाकून काढलेला नको. विजेत पेरॉक्साइडचा खर्च येत नाही, तो वेगळा मागा. दिवा लो प्रेशर की मीडियम प्रेशर तेही विचारा. मीडियमवाला छोट्या जागेत जास्त ताकद देतो पण वीज बरीच उष्णतेत जाते, आणि पाण्यात नायट्रेट असेल तर २४० च्या खालचा प्रकाश त्याचं नायट्राइट करतो.

जुनाखेळाडू
काठावरचा, पायलटवर काम करताय म्हणून दोन गोष्टी, ओरडतोय असं समजा. झाकण उघडं ठेवून दिवा चालू करून आत डोकावायचं नाही. जो निळसर उजेड दिसतो तो निरुपद्रवी, २५४ दिसतच नाही. त्या वेळी काही होत नाही, रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं आणि पाणी थांबत नाही. साधा पॉलिकार्बोनेटचा फेसशिल्ड पुरतो, तो २५४ अडवतो, फक्त मान आणि मनगटं उघडी ठेवू नका.

दुसरं, पेरॉक्साइडच्या लाइनवर दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये ते अडकू द्यायचं नाही. ५० टक्क्यांच्या एका लिटरमधून जवळजवळ २०० लिटर ऑक्सिजन निघतो, पाइप फुटतो. बॉल व्हॉल्व्हच्या पोकळीतसुद्धा अडकतं, म्हणून त्यासाठी भोक पाडलेले व्हॉल्व्ह मिळतात तेच वापरा. पितळ, तांबं, साधं लोखंड लाइनमध्ये नको. ड्रममधून काढलेलं परत ड्रममध्ये ओतायचं नाही, म्हणजे नाहीच.

काठावरचा
सगळ्यांचे आभार. कॅटलेज घालून केलं, सीओडी आता आधीपेक्षा खाली आलाय, फार नाही पण खाली. २५४ चा अ‍ॅबसॉर्बन्सही काढला, कच्च्या पाण्याचा मीटरच्या रेंजबाहेर, दहापट पातळ करून मोजावा लागला. आता पायलट क्लॅरिफायर (गाळ खाली बसवायची टाकी) आणि सँड फिल्टरच्या मागे हलवतोय. तिथलं पाणी पिवळट आहे पण आरपार दिसतं. तिथे अजून काय बघू?

फोटॉन
लोखंड. क्लॅरिफायरच्या आधी फेरस किंवा फेरिक घालत असाल तर उरलेलं लोखंड क्वार्ट्झ स्लीव्हवर तांबूस थर धरतं, वर कॅल्शियम बसतो, आणि दिवा नवा असूनही आत प्रकाश कमी. यूव्ही सेन्सर असेल तर रोजचं रीडिंग लिहून ठेवा, हळूहळू उतरत गेलं की स्लीव्ह, एकदम पडलं की दिवा किंवा बॅलास्ट (दिव्याला वीज देणारा भाग). सायट्रिक अ‍ॅसिडने पुसलं की थर निघतो. पेरॉक्साइड ५० पासून सुरू करा, ५०० विसरा, आणि प्रत्येक डोसला एक सॅम्पल दिवा बंद ठेवूनही घ्या म्हणजे नुसत्या पेरॉक्साइडने किती झालं ते कळेल. आणि स्लीव्ह बसवताना हातमोजे घाला, बोटांचे तेलकट ठसे तिथेच भाजून बसतात.